गटाची बैठक

बचत गटाची बैठक दर आठवड्याला भरते. वार ठरलेला असतो, जागा ठरलेली असते. पण बायका जमल्या, चहा झाला, गप्पा झाल्या, पैसे गोळा केले आणि उठल्या, याला बैठक म्हणायचं का? आम्ही तरी म्हणणार नाही.

एका गावची गोष्ट सांगतो. त्या गटात १५ बायका होत्या. मंगळवारी रात्री ८ वाजता बसायचं असं ठरलेलं. पण शेवटची बाई यायची ती ९ वाजता. तोवर कुणाचं लग्न ठरलं, कुणाची म्हैस व्याली, हेच चाले. मृगाच्या तोंडावर एका बाईला बियाण्यासाठी ३,००० रुपये हवे होते. गटाच्या पेटीत पैसे होते. पण तिचा विषय निघाला तेव्हा निम्म्या जणी घरी गेल्या होत्या. "पुढच्या मंगळवारी बघू," असं म्हणून बाकीच्याही उठल्या.

पाऊस काही मंगळवारसाठी थांबत नाही. बाईने सावकाराकडून शेकडा १० रुपये महिना व्याजाने पैसे उचलले. गटात व्याज शेकडा २ रुपये होते. म्हणजे महिन्याला ६० रुपयांच्या जागी ३०० रुपये. त्या बैठकीत आम्हीही बसलो होतो, आणि आम्हीही गप्पच राहिलो.

पुढच्या आठवड्यात गटाने बदल केले. ८ वाजले की सुरुवात. १० जणी आल्या की काम चालू, उशिरा येणारीने ५ रुपये दंड द्यायचा. पहिला दंड भरला तो अध्यक्षबाईंनीच! त्यानंतर कुणी कुरकुर केली नाही.

सगळ्या गोल बसू लागल्या. गोलात मागची रांग नसते. पैसे मधोमध, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मोजले जातात.

कामाचा क्रमही ठरला. आधी हजेरी, मग मागच्या बैठकीची नोंद वाचायची. मग बचत आणि कर्जाचे हप्ते गोळा करायचे. लगेच कर्जाची मागणी. पैसे आत आल्याशिवाय बाहेर किती देता येतील ते कळत नाही, म्हणून हा क्रम. गप्पा सगळ्यात शेवटी. गप्पा नकोत असं आम्ही म्हणत नाही. दिवसभर राबून बाई चार घटका बसते, तिने बोलायचं नाही तर काय करायचं?

एक अडचण मात्र लवकर सुटली नाही. अध्यक्षबाई आधी बोलत, मग सगळ्या माना डोलवत. त्यातून सासू आणि सून एकाच गटात! सून कशी बोलणार? मग असं ठरलं, की सर्वांत लहान बाईने आधी बोलायचं आणि अध्यक्षबाईंनी शेवटी. दोन-तीन बैठका अवघड गेल्या. चौथ्या बैठकीत सुनेने विचारलं, "पेटीत एवढे पैसे कशाला ठेवायचे? बँकेत का नाही भरत?" सासूबाई म्हणाल्या, "मलाही तेच वाटत होतं."

"बँकेत पैसे भरावेत," एवढंच वहीत लिहिलं तर कुणीच जात नाही. कोण जाणार, कोणत्या दिवशी, हे लिहायला हवं. पुढच्या बैठकीत तीच नोंद मोठ्याने वाचली, की गेली का नाही ते आपोआप कळतं. नाबार्डने १९९२ साली गटांना बँकांशी जोडायला सुरुवात केली. कर्ज देण्याआधी बँक या वह्या बघते. बैठका नियमित झाल्या का, हप्ते वेळेवर आले का, ते त्यांतूनच दिसतं.

आणि पासबुक. तुम्हाला आता वाचता येतं. सही करण्याआधी आकडा वाचा. या गटातल्या एका मावशींनी वाचून विचारलं, "माझे २० रुपये इथं १० कसे झाले?" सचिवबाई रागावल्या नाहीत. चूक होती, तिथल्या तिथे दुरुस्त केली.

पुढच्या मृगाला त्याच बाईने पुन्हा बियाण्यासाठी कर्ज मागितलं. ८ वाजून ४० मिनिटांनी पैसे तिच्या हातात होते. नोंद तिने बोट ठेवून वाचली, मग सही केली.