वेतनपटाचे प्रमाणपत्र : मिळविणे आणि टिकविणे

पगार वेळेवर जमा झाला, की वेतन विभागाची आठवण कोणालाही होत नाही. आठवण होते ती चूक झाल्यावर. मात्र काही चुका कर्मचाऱ्याच्याही लक्षात येत नाहीत आणि वर्षानुवर्षे साचत राहतात. अशा चुका टाळण्याइतके ज्ञान आपल्यापाशी आहे, हे सिद्ध करणारी स्वतंत्र व्यावसायिक प्रमाणपत्रे अमेरिकेत दिली जातात. पुणे, मुंबईतील सेवाकेंद्रांत बसून अमेरिकी कंपन्यांचे वेतनपट तयार करणाऱ्या मराठी तरुणांचाही या प्रमाणपत्रांशी संबंध येतो. ती मिळवायची कशी, याची चौकशी बहुतेक जण करतात. ती टिकवायची कशी, हा प्रश्न मात्र मागे पडतो. आणि खरे महत्त्व त्यालाच आहे.

दोन पायऱ्या

ही प्रमाणपत्रे देणारी 'अमेरिकन पेरोल असोसिएशन' ही संस्था १९८२ मध्ये स्थापन झाली. २०२३ पासून ती 'पेरोलऑर्ग' या नावाने ओळखली जाते. तिची पहिली पायरी म्हणजे 'फंडामेंटल पेरोल सर्टिफिकेशन', अर्थात एफपीसी. या परीक्षेला अनुभवाची अट नाही. त्यामुळे नवोदितांना आणि अमेरिकेबाहेरून हे काम करणाऱ्यांना ती सोयीची ठरते. दुसरी पायरी 'सर्टिफाइड पेरोल प्रोफेशनल' म्हणजे सीपीपी. तिच्यासाठी सर्वसाधारणपणे मागील पाच वर्षांपैकी तीन वर्षे वेतनपटाच्या कामाचा अनुभव लागतो. संस्थेचे ठरावीक अभ्यासक्रम पूर्ण केलेल्यांना ही अट काहीशी शिथिल होते.

एफपीसीची परीक्षा तीन तासांची, तर सीपीपीची चार तासांची असते. दोन्ही परीक्षा संगणकावर घेतल्या जातात आणि प्रश्न बहुपर्यायी असतात. करकपात, किमान वेतन, जादा कामाचा मोबदला, न्यायालयाच्या आदेशाने होणारी कपात, नोंदी, हिशेब हे विषय दोन्हीकडे येतात. सीपीपीमध्ये व्यवस्थापन आणि लेखापरीक्षणाशी संबंधित प्रश्नांचा भार अधिक असतो.

पाच डॉलरचा फरक

संगणकप्रणाली सर्व आकडेमोड करीत असताना एवढ्या अभ्यासाची गरज काय, असा प्रश्न पडू शकतो. एका उदाहरणाने त्याचे उत्तर मिळते. समजा, एका कामगाराचा दर तासाला २० डॉलर आहे. त्याने एका आठवड्यात ४५ तास काम केले आणि आधी ठरल्याप्रमाणे त्याला ९० डॉलर उत्पादन बोनस मिळाला. वरवर पाहता हिशेब सोपा आहे. ४० तासांचे ८०० डॉलर, जादा पाच तासांचे दीडपट दराने १५० डॉलर आणि बोनसचे ९० डॉलर, असे एकूण १,०४० डॉलर होतात.

हा हिशेब चुकीचा आहे. अमेरिकेच्या १९३८ च्या 'फेअर लेबर स्टँडर्ड्‌स अ‍ॅक्ट'नुसार असा बोनस नियमित दरात धरावा लागतो. ४५ तासांचे ९०० डॉलर अधिक बोनस ९०, म्हणजे ९९० डॉलर. त्याला ४५ ने भागले, की नियमित दर २२ डॉलर येतो. त्याच्या निम्मे ११ डॉलर, गुणिले जादा पाच तास, म्हणजे ५५ डॉलर. कामगाराचे खरे वेतन १,०४५ डॉलर होते.

फरक अवघा पाच डॉलरचा आहे. परंतु अशाच ५०० कामगारांच्या बाबतीत वर्षभर दर आठवड्याला तो घडला, तर रक्कम १,३०,००० डॉलरवर जाते. चूक उघडकीस आल्यावर साधारणतः मागील दोन वर्षांची आणि ती हेतुपुरस्सर असल्यास तीन वर्षांची थकबाकी मागता येते. शिवाय तितकीच रक्कम भरपाई म्हणून द्यावी लागू शकते. कोणता बोनस नियमित दरात धरायचा, हे प्रणालीला माणसानेच सांगायचे असते. तेथे चूक झाली, तर संगणक तीच चूक दर आठवड्याला बिनदिक्कत करीत राहतो.

प्रमाणपत्राची मुदत

परीक्षा उत्तीर्ण झाल्यानंतर प्रमाणपत्र कायमचे मिळत नाही. एफपीसीची मुदत तीन वर्षांची असून तेवढ्या काळात ६० तासांचे मान्यताप्राप्त प्रशिक्षण घ्यावे लागते. सीपीपीसाठी पाच वर्षांत १२० तास लागतात. तसे न केल्यास पुन्हा परीक्षेला बसणे हाच मार्ग उरतो. सीपीपीच्या तासांची सरासरी महिन्याला दोन तास पडते. जो हा अभ्यास नियमाने करतो, त्याला तो जड जात नाही. मुदत संपत आल्यावर धावपळ करणाऱ्याला मात्र तोच डोंगराएवढा वाटतो. पूर्ण केलेल्या प्रशिक्षणाचे दाखले त्या त्या वेळी जपून ठेवणे म्हणूनच हिताचे.

ही सक्ती केवळ औपचारिक नाही. २०१९ मध्ये परीक्षा दिलेल्या व्यक्तीने जो करकपातीचा अर्ज अभ्यासला, त्याचे स्वरूप २०२० मध्ये पूर्णपणे बदलले. जुने अर्जही ग्राह्य राहिल्याने दोन्ही पद्धती माहीत असणे आवश्यक झाले. सामाजिक सुरक्षा कराचा दर कर्मचारी आणि मालक या दोघांसाठी प्रत्येकी ६.२ टक्के असला, तरी तो ज्या वेतनमर्यादेपर्यंत आकारला जातो ती दरवर्षी नव्याने ठरते. २०२५ मध्ये ती १,७६,१०० डॉलर होती, २०२६ साठी ती १,८४,५०० डॉलर झाली.

जुलै २०२५ मधील कायद्याने तर वरच्या उदाहरणातील ५५ डॉलरनाही नवा अर्थ दिला. जादा कामाच्या मोबदल्यातील कायद्याने बंधनकारक असलेल्या या वाढीव भागावर २०२५ ते २०२८ या काळात प्राप्तिकरात वजावट मिळते. उत्पन्नाची अट पूर्ण करणाऱ्या व्यक्तीला ती वर्षाला जास्तीत जास्त १२,५०० डॉलरपर्यंत घेता येते. सामाजिक सुरक्षा कर मात्र त्यावर पूर्वीप्रमाणेच कापला जातो. साहजिकच, मूळ हिशेब चुकला तर कामगाराची वजावटही चुकते.

मर्यादांचे भान

हे प्रमाणपत्र म्हणजे सरकारी परवाना नव्हे. त्यावाचूनही वेतनपटाचे काम करता येते. त्याची कसोटी अमेरिकी कायद्यांवर असल्याने भारतीय वेतनपटासाठी ते पुरेसे नाही. येथे २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि 'वेतन' या शब्दाची व्याख्याच बदलली. त्यांचा अभ्यास स्वतंत्रपणे करावा लागेल. मात्र एक बाब दोन्ही देशांत सारखीच आहे. कामगार आपल्या पगारपत्रकातील प्रत्येक आकडा पडताळून पाहू शकत नाही. तो विश्वासाने स्वीकारतो. तो आकडा मांडणाऱ्याचे ज्ञान चालू वर्षाचे असावे, एवढी अपेक्षा त्याने केली तर ती गैर म्हणता येणार नाही.