पाचटाखालची पांढरी जाळी

उसाची तोड संपून टोळीच्या गाड्या रानाबाहेर पडल्या की मागे पाचटाचा थर उरतो. पश्चिम महाराष्ट्रात गाळप हंगामात त्याच संध्याकाळी कुठे ना कुठे धूर दिसतो. ‘काडी लावली की रान मोकळं,’ हा हिशेब जुना आहे. पाचटात पाय अडकतो, उंदीर होतात, खोडव्याला पाणी फिरवताना सरी तुंबते. अडचणी खऱ्याच आहेत. पण हेक्टरी निघणाऱ्या ८ ते १० टन पाचटात ४० ते ५० किलो नत्र, ७५ ते १०० किलो पालाश आणि तीन-चार हजार किलो सेंद्रिय कर्ब असतो. काडी लावली की त्यातला नत्र आणि कर्ब बहुतांश हवेत उडून जातो, तोही तासाभरात.

ज्यांनी काडी लावली नाही, त्यांच्या खोडव्यात पहिले दोन-तीन पाऊस पडून गेल्यावर जावं. वरचा थर वाळका, पायाखाली कुरकुरणारा. तो बाजूला सारला की खालची पानं दमट, तपकिरी आणि एकमेकांना चिकटलेली दिसतात. त्यांना धरून ठेवणारे पांढरे तंतू ही बुरशी. एक पान ओढलं तर त्याच्याबरोबर मातीचे कण लोंबत वर येतात. पान आडवं ओढलं की सहज फाटतं. उजेडात धरलं तर शिरा शाबूत, पण शिरांमधला भाग विरलेला. मध्येच पांढऱ्यावर हिरवट भुकटी दिसते, ती बहुधा बीजाणूंवर आलेली ट्रायकोडर्मा ही बुरशी.

हे काम बुरशीच का करते? उसाचं पान चिवट असतं. त्यातलं सेल्युलोज लिग्निनमध्ये गुंतलेलं असतं आणि लिग्निन फोडणारी विकरं प्रामुख्याने बुरशीकडेच आहेत. शिवाय बुरशीचा तंतू टोकाने वाढत जातो. जिवाणू जिथे असेल तिथलं खातो. तंतू मात्र कोरड्या पानातही घुसतो आणि खालच्या मातीतला ओलावा, नत्र वर ओढून आणतो.

इथेच पिकाशी तिची झटापट होते. पाचटात नत्राच्या सुमारे ऐंशी पट कर्ब असतो, तर बुरशीला स्वतःचं शरीर बांधायला नत्राचं प्रमाण कितीतरी जास्त लागतं. कमी पडणारा नत्र ती मातीतून उचलते आणि खोडवा पिवळा पडतो. ‘पाचट ठेवलं आणि ऊस बसला,’ ही तक्रार बऱ्याचदा यातून येते. म्हणून टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि एक किलो कुजवणारं संवर्धन टाकायची शिफारस आहे. बुरशीला आधी नत्र दिला की ती उसाच्या वाट्याला हात लावत नाही, आणि पुढे ती मेली की तिच्यात अडकलेला नत्र पिकालाच मिळतो.

कर्बाचं काय होतं, हा प्रश्न शेतकऱ्याने नक्की विचारावा. पाचटातला बराचसा कर्ब कुजतानाही वायू होऊनच जातो, हे लपवण्यात अर्थ नाही. पण एक हिस्सा बुरशीच्या शरीरात जातो. ती मेल्यावर तिच्या पेशीभित्तिकांचे अवशेष चिकणमातीच्या कणांना चिकटतात आणि त्यातले काही वर्षानुवर्षं टिकतात. मातीतल्या टिकाऊ कर्बाचा मोठा भाग अशा मेलेल्या सूक्ष्मजीवांचा असतो आणि त्यात बुरशीचा वाटा जिवाणूंपेक्षा जास्त आढळतो.

दुसरी एक बुरशी उसाच्या मुळांच्या आतच राहते. मुळं आणि बुरशीच्या अशा संगतीला जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट फ्रांक यांनी १८८५ मध्ये मायकोरायझा हे नाव दिलं. स्फुरद मातीत जवळजवळ हलत नाही. मुळाभोवतीचा मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा भाग रिकामा झाला की मूळ उपाशी राहतं. मायकोरायझाचे तंतू त्यापलीकडे काही सेंटिमीटर जाऊन स्फुरद आणतात आणि मोबदल्यात उसाकडून साखर, स्निग्धांश घेतात. जगभरातल्या वनस्पती दरवर्षी अशा बुरशांना १३ अब्ज टन कार्बन डायऑक्साइडइतका कर्ब देत असाव्यात, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला.

नांगराच्या प्रत्येक तासाबरोबर हे जाळं तुटतं. कोल्हापूरचे शेतकरी प्रताप चिपळूणकर यांनी विनानांगरणीची शेती करून, त्यावर लिहून हा विषय मराठी शेतकऱ्यांपुढे ठेवला. सगळ्यांना ती पद्धत लगेच जमेल असं नाही. पाचट न जाळणं मात्र बहुतेकांना जमण्यासारखं आहे: बुडखे जमिनीलगत छाटा, पाचट एकसारखं पसरा, सरी तुंबत असेल तर एकाआड एक सरीत दाबा, खत पहारीने द्या.

आणि पटत नसेल तर दोन वाळकी ढेकळं घ्या, एक पाचट ठेवलेल्या सरीतलं, दुसरं जाळलेल्या रानातलं. काचेच्या दोन पेल्यांत पाणी घालून त्यात अलगद सोडा आणि कोणतं आधी विरघळतं ते स्वतः पाहा. या हंगामात काडी ओढण्याआधी एवढं कराच.