बायोचं कापड

आज आपण फ्रान्सच्या वायव्येला, नॉर्मंडीत जाणार आहोत. तिथे बायो नावाचं एक जुनं, छोटं गाव आहे. या गावाचं कापड टिकलं कसं आणि गावही टिकलं कसं, ते पाहू.

हे कापड जवळजवळ ७० मीटर लांब आणि फक्त अर्धा मीटर रुंद आहे. जग त्याला ‘बायो टॅपेस्ट्री’ म्हणतं, पण ते नाव चुकीचं आहे. टॅपेस्ट्रीत चित्र विणतानाच उमटतं, आपल्या पैठणीच्या पदरावरच्या मोरासारखं. हे मात्र भरतकाम आहे, लिननवर रंगीत लोकरीनं केलेलं.

विषय १०६६ सालचा. नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम इंग्लंडवर चालून गेला आणि हेस्टिंग्जच्या लढाईत राजा हॅरॉल्ड पडला. विल्यमचा सावत्र भाऊ ओडो बायोचा बिशप होता. त्यानंच हे काम करवून घेतलं आणि ते झालं इंग्लंडमध्ये, असं बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे कथा जिंकणाऱ्यांची, पण हात हरलेल्यांचे! मला स्वतःला यातली लढाई कमी आवडते. जहाजांसाठी झाडं तोडणारी माणसं, सळईवर भाजलेल्या कोंबड्या, हॅलेच्या धूमकेतूकडे बोट दाखवणारा घोळका, हे जास्त बघावंसं वाटतं.

सोन्या-चांदीची जर असती, तर कुणीतरी कधीच वितळवली असती. साधी लोकर कोण चोरणार? तरी १७९२ मध्ये, क्रांतीच्या धामधुमीत, लष्करी गाडीवरचा माल झाकायला हेच कापड काढलं होतं. एका स्थानिक वकिलानं ते वेळीच सोडवलं.

आता गावाकडे येऊ. ६ जून १९४४ ला दोस्त फौजा जवळच्या किनाऱ्यावर उतरल्या. दुसऱ्याच दिवशी बायो मुक्त झालं, तेही जवळपास ओरखडा न उमटता. तीसेक किलोमीटरवरचं कां शहर मात्र महिनाभराहून जास्त चाललेल्या लढाईत आणि बाँबफेकीत उद्ध्वस्त झालं. बायोच्या अरुंद गल्ल्यांतून रणगाडे जाईनात, म्हणून ब्रिटिश इंजिनिअरांनी गावाभोवती रस्ता काढला. तो आजही वापरात आहे.

त्याच रस्त्यालगत युद्धस्मशानभूमी आहे. तिथे ४,६०० हून अधिक कबरी आहेत. समोरच्या स्मारकावर लॅटिनमध्ये लिहिलंय, त्याचा आशय असा: विल्यमनं जिंकलेले आम्ही, त्याच विजेत्याची मायभूमी आम्ही मुक्त केली. त्या कबरींमध्ये साडेचारशेहून अधिक जर्मन सैनिकही आहेत.