शिंगे मोडून वासरांत

वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी मनुष्याने काय करावे याविषयी आमच्या घरात फारसा मतभेद नाही. विम्याचे हप्ते वेळेवर भरावे, मुलांच्या अभ्यासाकडे लक्ष द्यावे, सकाळी पर्वतीवर जाऊन यावे आणि रक्तातील साखर वर्षातून दोनदा तपासून घ्यावी. या यादीत सायकलच्या शर्यतीस जागा नाही. तेव्हा २०२४ च्या दसऱ्यास मी नवी सायकल घरी आणून तिला झेंडूची माळ घातली, त्या वेळी मातोश्रींनी हळदकुंकू वाहिले खरे. परंतु शिंगे मोडून वासरांत शिरण्याचे हे वय नव्हे, हेही त्याच दमात ऐकवले. थोरले बंधू काही बोलले नाहीत. त्यांनी पावतीवरील आकडा वाचला, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला.

सायकल आमच्या घरास नवी नव्हे. वडील तीस वर्षे सायकलीवरून कचेरीस गेले. आम्ही भावंडे प्रथम दांडीवर, मग कॅरिअरवर आणि पुढे नळीतून पाय घालून तीवरच शिकलो. पुण्यास सायकलींचे शहर म्हणत त्या काळचे हे दिवस. परंतु वडिलांची सायकल म्हणजे कामाची वस्तू. तिचा उपयोग कोणाच्या पुढे जाण्यासाठी करावा ही कल्पनाच त्यांना चमत्कारिक वाटली असती.

ही कल्पना माझ्या डोक्यात भरवली ती पुतण्याने. त्याच्यापाशी दाखले भरपूर. १९२३ साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलीवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले व त्यांपैकी तिघे १९२८ साली ती पुरी करून परतले. २०१७ साली श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे अमित समर्थ या दोघांनी अमेरिका खंड आडवे ओलांडणारी शर्यत एकट्याने पार केली. मुंबई–पुणे शर्यतीत बोरघाट जो प्रथम चढेल त्यास 'घाटाचा राजा' म्हणण्याची प्रथाच पडली. मी राजा होण्याच्या भानगडीत नव्हतो. चाळिशीपलीकडच्यांचा निराळा गट असतो, एवढे कळताच मला धीर आला, इतकेच.

पहिली शर्यत नोव्हेंबरात झाली. सत्तर किलोमीटरांपैकी बाराव्या किलोमीटरास मी एकटा पडलो. पाठ्यपुस्तकात वाऱ्याचा रोध शिकलेला मनुष्य मी. पण तो अंगावर घेणे म्हणजे काय, हे त्या दिवशी समजले. सपाट रस्त्यावर ताशी तीस किलोमीटरच्या वेगास स्वाराच्या श्रमांचा बहुतेक भाग वारा कापण्यातच खर्ची पडतो. वेग दुप्पट झाला की रोध चौपट होतो, आणि त्यास पुरे पडण्यास लागणारी शक्ती आठपट. म्हणूनच स्वार एकमेकांच्या चाकामागे हातभर अंतर ठेवून जातात. पुढच्याच्या आडोशास राहणाऱ्याचे श्रम चौथ्या हिश्शाने, कित्येकदा तिसऱ्या हिश्शानेही वाचतात. पुढचा थकला की बाजूस होऊन मागे जातो व दुसरा पुढे येतो. एकत्र कुटुंबात वाढलेल्यास या व्यवस्थेत नवे वाटण्याजोगे काही नाही. तथापि जथ्यापासून दहा हात मागे राहिलो आणि तो आडोसा जो गेला, तो पुन्हा काही केल्या मिळेना. उरलेले अठ्ठावन्न किलोमीटर मी वाऱ्याशी एकट्याने भांडत काढले. मंडप उतरवण्याचे काम चालले होते तेव्हा मी पोहोचलो. स्वयंसेवकाने उरलेले केळे हातावर ठेवले. ते मी सालीसकट खाल्ले असते.

घाटाचे गणित मात्र वेगळे. चढावर वेग मंदावतो, वारा फारसा आड येत नाही. तेथे वजन बोलते. मी बहात्तर किलोंचा, सायकल आठांची. हे ऐंशी किलो शंभर मीटर उंच न्यायचे तर अठ्ठ्याहत्तर हजार ज्यूल इतके कार्य करावे लागते, मग गिअर कोणताही लावा. हे गणित मी एकदा जेवताना मांडले. त्यावर दादांनी, सायकलीचे दोन किलो कमी करण्यास जे पैसे मोजलेस त्याऐवजी पोटाचे दोन किलो कमी करावयास काहीच पडले नसते, असे म्हटले. वहिनी हसल्या आणि मी दुसऱ्यांदा भात घेण्याचे टाळले. त्या दिवसापासून साखर बंद झाली. पहाटे साडेचारास उठून सिंहगडाचा रस्ता, आणि सातास परत येऊन कचेरीची तयारी. या काळात घरचे दूध आणणे, धाकटीस शाळेच्या गाडीवर सोडणे ही माझी कामे सौभाग्यवतीकडे गेली. तिला स्वतःची नोकरी आहे. तिने तक्रार केली नाही, हे मी येथे कौतुकाने लिहिणार होतो. परंतु आता वाटते की मी तिला विचारलेच नव्हते.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावयास घेतला तिच्याकडे वळतो.

दुसरी शर्यत डिसेंबरच्या आरंभी, सासवडच्या बाजूस झाली. सर्व गट एकदमच सोडले होते, निकाल मात्र निराळे लागणार होते. या खेपेस मी जथ्यातून ढळलो नाही. पन्नासाव्या किलोमीटरास आम्ही तीसएक स्वार उरलो होतो, आणि मी सातवा-आठवा होतो. माझ्या मागे अठरा वर्षांचा एक मुलगा होता. पुरंदर तालुक्यातला, शेतकऱ्याचा; पोलादी सायकल, पायात साधे बूट. चढावर तो सहज पुढे जाई आणि सपाटीवर शहाण्यासारखा आडोशास येई.

वाचकांपैकी ज्यांनी अशी शर्यत पाहिली नसेल त्यांस एक रीत सांगितली पाहिजे. जथ्यात मागच्यास रस्ता दिसत नाही. त्याला दिसते ते केवळ पुढच्याचे चाक. म्हणून खड्डा किंवा खडी आली की पुढच्याने हात खाली करून बोट दाखवायचे, ते पाहून त्याच्या मागच्याने, आणि अशी ती खूण शेवटपर्यंत जाते. एकाने कंटाळा केला की साखळी तुटते. त्या दिवशी माझ्या पुढच्याने खूण केली होती. मी ती पाहिलीही. परंतु दम इतका लागला होता की मुठीवरून हात काढण्याचे माझ्या जिवावर आले. मी खड्डा टाळण्यास एकदम डावीकडे वळलो आणि ब्रेकही दाबला.

मागच्याचे पुढचे चाक आपल्या मागल्या चाकास लागले तर पडतो तो मागचाच. पुढच्याच्या हातात त्याची दिशा शाबूत असते. मागच्याच्या हातातून ती जाते. पुढच्यास फक्त एक धक्का बसतो. मला तो बसला. पाठोपाठ लोखंड डांबरावर घासल्याचा आवाज आला आणि कोणी तरी ओरडले. मी मागे पाहिले नाही. पाहिले असते तर मीही पडलो असतो, असे मी पुढे कित्येक दिवस स्वतःस सांगत होतो, आणि ते खोटे नाही. परंतु शंभर हातांवर जाऊन थांबता आले असते, हेही तितकेच खरे.

माझ्या गटात मी तिसरा आलो.

घरी पेढे आले. पुतण्याने ते कांस्यपदक दिवाणखान्यातल्या कपाटात, आपल्या वक्तृत्वाच्या पेल्यांशेजारी मांडले. दादांनी आलेल्या-गेलेल्यास ते दोनदा दाखवले, आणि पावतीचा आकडा त्यानंतर कोणी काढला नाही. त्या मुलाच्या गळ्याची हासळी मोडली असून सायकलीचा चिमटा वाकला आहे, हे मला आठ दिवसांनी कळले. खड्ड्यात चाक जाऊन पडला, असे सांगणारा सांगत होता. मी 'अरेरे' म्हटले.

सायकलीच्या इतिहासात मोडलेल्या चिमट्याची एक कथा प्रसिद्ध आहे. १९१३ सालच्या फ्रान्सच्या प्रदक्षिणा-शर्यतीत यूजेन ख्रिस्तोफ नावाचा स्वार टूरमाले खिंडीच्या उतारावर असता त्याचा चिमटा तुटला. दुसऱ्याची मदत घेण्यास नियमाने बंदी होती. त्याने सायकल खांद्यावर घेतली, दहाहून अधिक किलोमीटर पायी उतरून खालच्या गावचे लोहारसाळ गाठले आणि पंचांच्या डोळ्यांदेखत स्वतः चिमटा सांधला. एवढे करून त्यास दंड झाला, कारण भाता ओढण्याचे काम एका लहान मुलाने केले होते! पूर्वी ही कथा मी पंचांच्या कठोरपणाचा मासला म्हणून मोठ्या रंगाने सांगत असे. त्या आठवड्यात ती आठवली तेव्हा मात्र हसू आले नाही. त्या माणसाचे तास गेले, बक्षीस गेले, आणि भात्याच्या चार फुंकांचाही हिशेब मागितला गेला. माझ्याकडे कोणी काहीच मागितले नव्हते.

प्रथम सौभाग्यवतीस सांगितले. ती म्हणाली, "त्याच्या घरी जाऊन आलास का?" बस्स, इतकेच. मग दादांना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि वर्तमानपत्र उचलले. दुसऱ्या दिवशी सकाळी पदक कपाटात नव्हते. माझ्या टेबलावर, कागदपत्रांच्या दाबावर ठेवावे तसे ठेवलेले होते.

रविवारी गेलो. रस्त्यास लागून अंजिराची बाग, मागे दोन खोल्या. मुलगा ओसरीवर बसला होता, हात झोळीत. सायकल भिंतीस टेकलेली, पुढचे चाक काढलेले. त्याची आई चहा ठेवण्यास आत गेली तेव्हा मी, वाटेत दहादा घोकलेले, एका दमात बोलून टाकले. खूण मी केली नाही. ब्रेक मी दाबला. धक्का मला कळला होता.

तो म्हणाला, "काका, मला माहीत हाय की. मी तुमच्या मागंच होतो."

मग मला काही बोलता येईना. खड्ड्याची गोष्ट लोकांना त्यानेच सांगितली होती. का, असे विचारता त्याने खांदा उडवण्याचा प्रयत्न केला आणि दुखल्यामुळे तोंड वाकडे केले. "सांगून हाड जुळणार होतं का?" एवढेच म्हणाला, आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे न पाहता, "थांबला असता तर बरं वाटलं असतं."

त्याच्या वडिलांनी दवाखान्याचे पैसे घेण्याचे साफ नाकारले. पडणे-धडणे व्हायचेच, असे त्यांचे मत. चिमट्याविषयी मात्र मी हटून बसलो. आमच्या पेठेतील मिस्त्रीने चिमटा हातात घेऊन फिरवून पाहिला; हा सरळ होईल, पण सरळ केलेल्या चिमट्यावर घाट उतरू देऊ नका, म्हणाला. नवा बसवला. पुढच्या चाकाचा आऊट काढला. त्या कामाची मजुरी त्याने घेतली नाही, याचे कारण मला माहीत नाही. मी त्यास काही सांगितले नव्हते. शर्यतीच्या चालकांस मी सविस्तर पत्र लिहिले. कोणाची हरकत आली नसल्याने निकाल कायम आहे, असे दोन ओळींचे उत्तर आले. पदक अद्याप टेबलाच्या खणात आहे. त्याचे काय करावे हे मला ठरवता आलेले नाही.

शेवटची शर्यत फेब्रुवारी २०२५ च्या अखेरीस झाली. मुलाचा हात झोळीतून सुटून तीन आठवडे झाले होते. डॉक्टरांनी परवानगी दिली होती, आईने दिली नव्हती. आरंभाच्या रेषेवर तो दिसला तेव्हा मी नुसता हात वर केला. त्या दिवशी मी प्रत्येक खड्ड्यास, खडीस, एका ठिकाणी तर वाळत घातलेल्या ज्वारीसही बोट दाखवले. शेजारचा एक तरुण, "काका, आता सावलीला पण दाखवा," म्हणून हसला. हसू द्यावे.

घाटाच्या पायथ्याशी तो माझ्या मागून बाजूस आला. त्याच्या पुढच्या चाकाकडे माझे लक्ष आपोआप गेले. नवा चिमटा काळा होता आणि बाकीची सायकल निळी. "येतो काका," म्हणाला आणि निघाला. तो व त्याची सायकल मिळून माझ्याहून पंधरा किलो तरी हलकी असतील. दुसऱ्या वळणापर्यंत मला त्याची पाठ दिसत होती, पुढे तीही दिसेना. मी माझ्या गटात अकरावा आलो. तो खुल्या गटात चौथा. तिसऱ्याशी चाकाइतके अंतर राहिले म्हणून चरफडत होता. त्या चरफडण्याने मला फार बरे वाटले.

निघताना त्याच्या वडिलांनी अंजिरांची एक करंडी माझ्या हँडलला बांधून दिली. घरी आल्यावर आईने ती धुऊन ताम्हनात घालून देवापुढे ठेवली. तिला यातले काहीच सांगितले नव्हते. वय झाले आहे, उगीच जिवाला घोर कशाला, असे आम्ही सर्वांनी मिळून ठरवले होते. "एवढी चांगली अंजिरे कोणी रे दिली?" तिने विचारले. दादांनी वर्तमानपत्र खाली ठेवले. मी तिच्यासमोर पाटावर बसलो आणि डिसेंबरातल्या त्या खड्ड्यापासून सांगावयास आरंभ केला.