माळ्यावरच्या यंत्रातली लगोरी

गेल्या दिवाळीत माळा आवरताना जुन्या व्हिडिओ गेमचा खोका हाती लागला. खालून आई ओरडली, "तो भंगारात दे!" मी दिला नाही. दादाचं आणि माझं निम्मं भांडण त्या यंत्रापुढे झालेलं होतं.

निन्टेन्डोच्या १९८३ सालच्या 'फॅमिकॉम'ची ती नक्कल. नव्वदच्या दशकात आपल्याकडे अशा नकलाच जास्त खपल्या. मूळ यंत्राचं उत्पादन २००३मध्ये थांबलं. पण गंमत पाहा, त्यासाठी नवे खेळ आजही लिहिले जातात. ही हौस तशी जुनीच. 'अटारी २६००' १९९२मध्ये बंद झालं आणि १९९५मध्ये एड फेडरमेयर यांनी त्यासाठी 'एडट्रिस' लिहिला. फॅमिकॉमच्या अमेरिकी भावंडासाठी, एनईएससाठी, २०१९मध्ये 'मायक्रो मेजेस' आला, तो अवघ्या ४० किलोबाइटमध्ये.

मग म्हटलं, आपणही लिहू. तोही मराठीत. लगोरी!

नोकरीत मी बँकांची सॉफ्टवेअर लिहितो. मेमरी कमी पडली की साहेब आणखी विकत घेतात. इथे कामापुरती मेमरी २०४८ बाइट. हा लेखसुद्धा त्यात मावणार नाही! शिवाय पडद्यावरच्या एका आडव्या रेषेत हलत्या आकृत्या फक्त आठ. सात लगोऱ्या जमिनीवर विखुरल्या आणि दोन खेळाडू धावत आले, की झाल्या नऊ. नववी गायब. ती आलटून पालटून दाखवली तर सगळं लुकलुकतं. लहानपणी असं लुकलुकायचं तेव्हा आम्ही बिचाऱ्या टीव्हीला थापट्या मारायचो! शेवटी पडलेल्या लगोऱ्या मी मागच्या स्थिर चित्रातच काढल्या. तिथे हा नियम लागू नाही.

खरी परीक्षा घेतली ती मराठीनं. अक्षराला चौकट आठ ठिपके बाय आठ ठिपक्यांची. त्यात 'र' सुखानं बसतो, पण वर मात्रा आली की डोकं छपराला लागतं. म्हणून एकावर एक दोन चौकटी घेतल्या. अशा चौकटी एका वेळी २५६च, त्यातच झाडं, भिंती आणि अक्षरं. जोडाक्षरं परवडेनात. हरल्यावर 'पुन्हा प्रयत्न करा' लिहायचं होतं, त्याचं झालं 'परत ये'. असे सहा महिन्यांचे रविवार गेले. बायकोचं मत इथे देत नाही.

मेमरी कार्ड घालता येणारी कार्ट्रिज मागवली होती. मे महिन्यात दादा कॅनडाहून आला. एरवी आमचं बोलणं फोनवर, तब्येत आणि हवामान यापुरतं. त्याच्या हाती दुसरा रिमोट दिला. तिसऱ्या मिनिटाला तो हरला. पडद्यावर अक्षरं आली: 'परत ये'.

त्यानं ती वाचली. जरा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "चेंडू मला लागलाच नव्हता. तू लहानपणीही असंच करायचास. लाव पुन्हा."