सैन्यावर हुकूम कोणाचा?

राष्ट्रपती सैन्यदलांचे सर्वोच्च सेनापती, म्हणजे युद्धाचा हुकूमही तेच देतात, हा समज शाळेपासूनचा. राज्यघटनेच्या अनुच्छेद ५३ने सर्वोच्च अधिपत्य राष्ट्रपतींकडे दिले आहे खरे, पण अनुच्छेद ७४नुसार त्यांना मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच वागावे लागते. प्रत्यक्ष निर्णय पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालील सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समितीत होतात. दलप्रमुख नेमणारे सरकार त्यांना दूरही करू शकते. डिसेंबर १९९८मध्ये नौदलप्रमुख विष्णू भागवत यांना पदावरून हटवले गेले.

तिन्ही दलांवर एकच सेनानी असतो, हेही खरे नाही. ब्रिटिश अमदानीत कमांडर-इन-चीफ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बसे. त्याच्या दिल्लीतल्या प्रशस्त बंगल्यात स्वातंत्र्यानंतर पंतप्रधान नेहरू राहायला गेले, तेच तीन मूर्ती भवन. १९५५मध्ये ही पदवीही गेली आणि प्रत्येक दलाचा प्रमुख ‘चीफ ऑफ स्टाफ’ झाला. २०२०पासून असलेले संरक्षण दलप्रमुख (सीडीएस) संरक्षणमंत्र्यांचे प्रमुख लष्करी सल्लागार आहेत, मात्र तिन्ही प्रमुखांना ते लष्करी हुकूम देऊ शकत नाहीत.

नागरी नियंत्रण म्हणजे बाबूंचे राज्य, ही तक्रार जुनी आणि अगदीच निराधार नव्हे. मंत्रालयात अडकलेल्या फायलींचा अनुभव तिच्यामागे आहे. तरीही नियंत्रण असते ते निवडून आलेल्या सरकारचे. संरक्षण सचिव दलप्रमुखांचा वरिष्ठ नसतो.

नियंत्रणामुळे सैन्याचे हात बांधले जातात, असेही म्हटले जाते. १ सप्टेंबर १९६५ रोजी पाकिस्तानी रणगाडे छांबमध्ये घुसले. लष्करप्रमुख जयंतनाथ चौधरी आणि हवाई दलप्रमुख अर्जन सिंग संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाणांकडे गेले. चव्हाणांनी तिथल्या तिथे हवाई दल वापरायला परवानगी दिली. त्याच संध्याकाळी पठाणकोटहून विमाने उडाली. लढाईत उतरायचे की नाही हे मंत्र्याने ठरवले, कसे लढायचे हे हवाई दलाने.

दंगलीत लष्कर आले की मुलकी सत्ता संपते, हा आणखी एक गैरसमज. जमाव पांगवण्यासाठी लष्कराची मदत कार्यकारी दंडाधिकारी मागतो; कारवाई कशी करायची ते लष्करी अधिकारी ठरवतो, पण बळ कमीत कमी वापरण्याचे बंधन त्याच्यावर असते. दंडाधिकाऱ्याशी संपर्कच होत नसेल, तर सनदप्राप्त अधिकारी स्वतःहून पाऊल उचलू शकतो. संपर्क होताच, कारवाई पुढे चालवायची की थांबवायची, याबाबत त्याला दंडाधिकाऱ्याचेच ऐकावे लागते.