एकाच किल्लीनं उघडणारी घरं

१ जानेवारी १९७६ ला सोव्हिएत टीव्हीवर तीन तासांचा एक सिनेमा पहिल्यांदा लागला. झेन्या नावाचा मॉस्कोतला डॉक्टर ३१ डिसेंबरला मित्रांबरोबर सार्वजनिक न्हाणीघरात जातो. त्याचं लग्न ठरलेलं असतं, त्या आनंदात सगळे इतकी पितात की लेनिनग्राडच्या विमानात बसायचं होतं दुसऱ्यालाच आणि बसवून देतात झेन्याला. उतरल्यावर आपण मॉस्कोतच आहोत अशा समजुतीनं तो टॅक्सीवाल्याला पत्ता सांगतो. बांधकाम कामगारांचा तिसरा रस्ता, इमारत २५, घर १२. तो रस्ता लेनिनग्राडमध्येही असतो. इमारत तशीच, जिना तसाच आणि खिशातल्या किल्लीनं कुलूपही उघडतं. झेन्या आत जाऊन झोपतो. थोड्या वेळानं घराची खरी मालकीण, नाद्या नावाची शाळेतली बाई, येते आणि दिवाणावर परका माणूस पसरलेला बघते. उरलेली रात्र हे दोघं आधी भांडतात आणि मग प्रेमात पडतात.

सिनेमाचं नाव 'इरोनिया सुद्बी', म्हणजे नशिबाची थट्टा. दिग्दर्शक एल्दार रियाजानोव, पटकथा त्यांची आणि एमिल ब्रागिन्स्कींची. आजही रशियात नवं वर्ष लागताना घरोघरी टीव्हीवर हा सिनेमा असतोच.

मी मुरुडला राहते. लातूरच्या सांख्यिकी कार्यालयात नोकरी केली, रोज एसटीनं ये-जा करत. निवृत्त झाल्यावर भाच्यानं मोबाईलवर मोसफिल्म या सरकारी स्टुडिओचं यूट्यूब चॅनल काढून दिलं. तिथं हे जुने सिनेमे फुकट आहेत, खाली इंग्रजी अक्षरं येतात. मला रशियन येत नाही. थांबवत थांबवत वाचते. तरी या माणसांशी ओळख व्हायला मला वेळ लागला नाही. का लागला नाही, तेच इथं सांगायचं आहे.

'नशिबाची थट्टा'च्या सुरुवातीला एक छोटं कार्टून आहे. वास्तुविशारद सुंदर इमारतीचा नकाशा घेऊन साहेबांकडं जातो. प्रत्येक साहेब एक-एक नक्षी, एक-एक सज्जा खोडतो, शेवटी उरतं खिडक्यांचं कोरं खोकं. मग ती खोकी रांगेनं चालत डोंगरावर, वाळवंटात, समुद्रकाठी पोचतात. यामागं खरा इतिहास आहे. महायुद्धानंतर सोव्हिएत शहरांत एका घरात चार-चार कुटुंबं राहत, स्वयंपाकघर सामायिक असे. ख्रुश्चेव यांच्या काळात, १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात, कारखान्यात तयार केलेल्या भिंती जोडून झटपट घरं उभारायचा मोठा कार्यक्रम निघाला. कोट्यवधी लोकांना पहिल्यांदा स्वतःचं दार मिळालं. सगळ्यांचं दार सारखं निघालं, एवढंच.

लातूर जिल्ह्यातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा मुरुडलाही आम्ही घराबाहेर पळालो होतो. पुढं लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. जमीन किती त्यावर घर ठरलं: २५०, ४०० किंवा ७५० चौरस फूट. बोळ, वाडे, माळवदं गेली आणि आखलेल्या रस्त्यांवर सारख्या घरांच्या ओळी आल्या. मी ती गावं पाहिली आहेत. कुणी दारापुढं तुळस लावली, कुणी जनावरांसाठी पत्र्याचं छप्पर काढलं. ओळीतलं घर हळूहळू ज्याचं त्याचं होत गेलं. किल्लारीचं दुःख या सिनेमाशेजारी ठेवू नये, हे मला कळतं. पण सारख्या घरात वेगळा माणूस राहतो हे दाखवायला रियाजानोव तीन तास का घेतात, ते मला तिथल्या ओळींमुळं समजलं. पत्ता, किल्ली, कपाट, सगळं एक असूनही नाद्या नाद्याच राहते.

लहानपणी आमच्या घरी 'सोव्हिएत देश'चे अंक यायचे. गुळगुळीत कागद असल्यामुळं आम्ही पोरं पुस्तकांना त्याची कव्हरं घालायचो. त्यात ट्रॅक्टर, धरणं, हसऱ्या कामगार मुली. त्या चित्रांत कुणाला गुडघेदुखी नव्हती, कुणी एकटं नव्हतं. त्याच देशाच्या सरकारी स्टुडिओनं त्याच वर्षांत काढलेल्या सिनेमांत मात्र पस्तिशी उलटलेली, आईजवळ राहणारी, पगार पुरत नाही म्हणून उसने मागणारी माणसं आहेत. विनोदी सिनेमा म्हटल्यावर या माणसांना जागा मिळाली. त्या अंकांनी जे झाकलं ते विनोदानं सांगितलं आणि फार मायेनं सांगितलं.

माझा सगळ्यांत लाडका सिनेमा आहे १९७७ चा 'स्लुझेब्नी रोमान', म्हणजे कचेरीतलं प्रेम. दिग्दर्शक-लेखकांची जोडी तीच. आणि ती कचेरी कुठली, तर सांख्यिकीची! पहिली काही मिनिटं बघताना मी मोबाईल डोळ्यांजवळ धरला होता. सकाळी बायका धावत येतात, आपापल्या टेबलावर आरसा उभा करतात, केस आणि चेहरा नीट करतात, मग आकडेमोडीला लागतात. शूरा नावाची बाई टेबलाटेबलावरून वर्गणी गोळा करत फिरते, कधी वाढदिवस, कधी बाळंतपण. एकदा तर बुब्लिकोव नावाचा सहकारी वारला म्हणून वर्गणी निघते. चूक झालेली असते. तो धडधाकट चालत येतो आणि दाराशी हार घातलेला स्वतःचाच फोटो बघतो. आमच्याकडं तालुक्यांचे आकडे जमवून जिल्ह्याचं सामाजिक व आर्थिक समालोचन निघायचं. त्या गडबडीतही वर्गणीची यादी फिरायची.

नोवोसेल्त्सेव साधा कर्मचारी. बायको सोडून गेलेली, दोन मुलगे एकटा वाढवतो. एक विभागप्रमुखाची जागा रिकामी होते. पगार वाढेल, पण संचालक कालुगिना मॅडमसमोर त्याची वाचा बसते. त्याचा जुना दोस्त सामोखवालोव, नुकताच परदेशातून येऊन उपसंचालक झालेला, सल्ला देतो की मॅडमशी जरा गोडीगुलाबीनं वाग. एका मेजवानीत तो प्रयत्न करतो आणि शेवटी त्यांना तोंडावर कोरड्या काळजाची म्हणून बसतो. दुसऱ्या दिवशी माफी मागायला जातो तर मॅडम रडतात. कधीच न रडलेली बाई कशी रडेल, तसं अलिसा फ्रेइन्द्लिख रडल्या आहेत, आवाज दाबत, स्वतःवर चिडत. आपण छत्तीस वर्षांच्या आहोत, रात्री घरी जायला नको वाटतं, हे त्या हाताखालच्या माणसाला सांगतात.

नंतर त्यांची सेक्रेटरी वेरोच्का त्यांना चालायचं कसं, कपडे कसे घालायचे हे शिकवते. गंमत म्हणजे १९७६ मध्ये आपल्याकडं बासू चटर्जींचा 'छोटी सी बात' आला. त्यात अमोल पालेकरांचा लाजाळू अरुण प्रेम कसं करायचं ते शिकायला खंडाळ्याला कर्नलकडं जातो. आपल्याकडं शिकायला पुरुष गेला, तिकडं संचालक बाई. आणि शिकवणारी तिच्याच दाराबाहेर बसणारी, पदानं लहान बाई. मला तिकडची शिकवणी जास्त आवडते.

या सिनेमात रिझोवा नावाची एक बाई आहे. शहराबाहेरून लोकलनं येणारी, हातात भाजीच्या पिशव्या, घरी नवरा आणि मुलगा. सामोखवालोव तिचा तरुणपणीचा मित्र. तो परत आल्यावर ती त्याला पत्रं लिहू लागते. तो ती पत्रं शूराकडं सोपवतो आणि सगळ्या कचेरीला कळतं. विनोदी सिनेमात ही जखम ठेवायची काही गरज नव्हती. पण रिझोवावर हसणाऱ्या सहकाऱ्यांकडं रियाजानोव ज्या रागानं बघतात, त्यामुळं हा सिनेमा मला मोठा वाटतो. रोज बसमध्ये पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या कितीतरी बाया मी पाहिल्या आहेत. त्यांच्या मनात काय चाललंय हे विचारणारा सिनेमा माझ्या वाट्याला फार उशिरा आला.

शूटिंग चालू असताना सप्टेंबर १९७६ मध्ये मॉस्कोत अचानक बर्फ पडला, झाडांची पानं अजून हिरवी असताना. रियाजानोवनी ते लगेच टिपून सिनेमात घातलं. हिरव्या पानावरचा बर्फ आणि मागं आंद्रेई पेत्रोव यांचं संगीत, एवढ्यासाठी मी तो भाग पुन्हा लावते.

खलनायक या सिनेमांत जवळपास नसतोच. प्रेमाच्या आड येतं ते घर, रांग, पगार, नाहीतर भिडस्तपणा. मराठीत याच्या जवळ जाणारा सिनेमा म्हणजे राजा ठाकूर यांचा १९७० चा 'मुंबईचा जावई'. नव्या जोडप्याला मुंबईच्या छोट्या घरात एकांत मिळत नाही एवढीच अडचण, आणि तिच्यावर सगळा सिनेमा. बासूदांनी १९७२ मध्ये त्यावरूनच 'पिया का घर' केला. सचिन पिळगांवकरांच्या 'अशी ही बनवाबनवी'त, १९८८ मध्ये, भाड्याच्या खोलीसाठी दोघांना साड्या नेसाव्या लागल्या. आपण पोट धरून हसतो, पण खोली मिळत नव्हती हे खरंच होतं.

बाकीच्या सोव्हिएत सिनेमांबद्दल थोडक्यात. युरी चुल्युकिन यांचा 'देव्चाता' लाकूडतोड्यांच्या थंड वसाहतीतला आहे. अनाथाश्रमातून आलेली स्वयंपाकी मुलगी तोस्या आणि तिला पटवायची पैज लावणारा तरुण. चुंबन घेताना नाकं आड कशी येत नाहीत, हा तिचा प्रामाणिक प्रश्न आहे. लिओनिद गायदाई यांच्या १९६५ च्या 'ऑपरेशन वाय' मधला शूरिक परीक्षेच्या धास्तीनं एका मुलीच्या हातातल्या वहीत इतका बुडतो की वाचत वाचत तिच्या घरी जातो, जेवतो, परत येतो आणि तिच्याकडं बघतच नाही. व्लादिमिर मेन्शोव यांचा 'मॉस्को अश्रूंवर विश्वास ठेवत नाही' हा विनोदापेक्षा गंभीर आहे. कारखान्यात कामाला लागून पुढं संचालक झालेली कातेरिना आणि लोकलमध्ये भेटलेला फिटर गोशा यांची ती गोष्ट. तिचं पद कळल्यावर तो निघून जातो. त्याचं ते रुसणं मला आजही पटत नाही, आणि तिनं त्याची इतकी वाट बघावी हेही नाही. १९८१ मध्ये त्याला परभाषेतल्या उत्तम चित्रपटाचं ऑस्कर मिळालं, पण मेन्शोवना तिकडं जायची परवानगी नव्हती.

नव्यानं बघणाऱ्यांनी 'कचेरीतलं प्रेम'पासून सुरुवात करावी. दोन भाग आहेत, एका बैठकीत झाला नाही तरी चालतं. पुढं पळवायचा मोह झाला तरी रिझोवाचे प्रसंग सोडू नका. आणि गोष्ट संपली म्हणून बंदही करू नका. अगदी शेवटी पडद्यावर अक्षरं येतात, त्यांत कळतं की नऊ महिन्यांनी नोवोसेल्त्सेवच्या घरात तीन मुलगे होते.